मधला रविवार

शुक्रवारी संध्याकाळी मकरपुऱ्याच्या ऑफिसात माझं ओळखपत्र जमा करून घेतलं. नवं सोमवारी मंजुसरला मिळणार होतं. शनिवार झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ‘पार्टी कधी देतेस?’ यातच संपला. उरला रविवार.

चौदा वर्षं सात महिने मी एकाच जागी नोकरी केली. कारेलीबागेतून निघायचं आणि सगळं बडोदं ओलांडून दक्षिणेला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत जायचं. स्कूटरला रस्ता माझ्याहून जास्त पाठ झाला होता. एकदा तर रविवारी भाजी आणायला निघाले आणि लालबागच्या पुलापर्यंत पोहोचल्यावर लक्षात आलं की आपण ऑफिसला चाललोय. आता मंजुसर म्हणजे बरोबर उलटी दिशा, आणि तीही कंपनीच्या बसने. सोडायचं का ठरवलं, हे विचारू नका. पगार हे एक कारण आहेच. दुसरं मला घरच्यांनाही धड सांगता आलेलं नाही.

अकाउंट्समध्ये असल्यामुळे इतरांचे निरोप मी कायम आकड्यांत पाहिले. कोणी सोडून चाललं की त्याची फाइल माझ्या टेबलावर यायची. शिल्लक रजा, नोटिशीचे कमी भरलेले दिवस, उचल घेतली असेल तर ती, आणि पाच वर्षं पुरी झाली असतील तर ग्रॅच्युइटी: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. या वेळी माझी फाइल माझ्याच हाताखालच्या मुलाकडे गेली. बिचाऱ्याने भीत भीत कागद पुढे केला. बघितलं, तर त्याने चौदा वर्षं धरलेली.

‘अरे, वरचे सात महिने कुठे गेले? सहा महिन्यांच्या वर गेलं की अख्खं वर्ष धरायचं. पंधरा कर.’

‘सॉरी मॅडम,’ म्हणत त्याने आकडा बदलला, पुन्हा प्रिंट काढली, मी सही केली. त्या ऑफिसातलं माझं शेवटचं काम हेच. स्वतःच्या निरोपातली चूक काढून दिली आणि जिना उतरले.

रविवारी गजर लावला नव्हता, तरी पाच वीसला डोळे उघडले. मे महिन्याचा शेवट, त्यामुळे पंख्याचा वाराही गरमच. नवरा आणि लेक गाढ झोपलेले. पुन्हा आडवं होण्यात अर्थ नव्हता. चपला घातल्या आणि चालत कमाटीबागेत गेले.

कागदोपत्री ती सयाजीबाग. १८७९ मध्ये सयाजीराव महाराजांनी शहराला दिली. पण आमच्या घरात तिला सयाजीबाग म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ‘कमाटीबागेत जाऊ ने’, एवढंच. (हा ‘ने’ पुण्याच्या भाच्यांना फार हसवतो. त्यांना वाटतं आम्ही ‘ना’ चुकीचा म्हणतो. आम्ही बडोद्याचं मराठी बोलतो, एवढंच.) सकाळी सहाला बागेत अर्धं शहर असतं. हसणाऱ्यांचा क्लब, पळणारी पोरं, पळायचं म्हणून येऊन बाकावर गप्पा मारणारे काका. विश्वामित्रीच्या पुलावर पाच-सहा जण कठड्याशी वाकून खाली बघत होते, म्हणजे मगर वर आली असणार. मीही वाकले. चिखलाच्या रंगाचं काहीतरी लांबट पडलं होतं. मगर होती की ओंडका, ते कळेपर्यंत मागच्या माणसाने मला सरकवलं.

फिरत फिरत संकल्पभूमीपाशी, म्हणजे बागेतल्या आंबेडकरांच्या स्मारकापाशी आले. तिथे मला नेहमीच जरा अवघडल्यासारखं होतं, आणि त्या दिवशी जास्तच झालं. १९१३ साली बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले, ते परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करीन असा करार करून. १९१७ मध्ये तो करार पाळायला ते बडोद्याला आले. हुद्दा होता, कचेरी होती. राहायला मात्र एवढ्या शहरात एक खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघत असताना काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं वर आली आणि संध्याकाळच्या आत जागा खाली कर म्हणाली. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती. दोघांकडेही सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास काढायचे होते, आणि ते काढायला ही बाग होती. हे सगळं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

लहानपणापासून मी या बागेत येते आहे. आगगाडीत बसले, म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा शंभर वेळा पाहिला. ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही. कॉलेजात गेल्यावर कळली, तीही एका मैत्रिणीकडून. आणि त्या सकाळी माझ्या पोटात गोळा कशाचा आला होता, तर उद्या जेवायच्या सुट्टीत कोणाच्या टेबलावर बसायचं याचा! माझं आडनाव ऐकून कोणी डबा बाजूला सरकवणार नाही, ही मला खात्री असते. ती खात्री मी कमावलेली नाही. तिथे फार वेळ बसवेना. उठले.

येताना सेव उसळ बांधून घेतली. वाटाण्याचा रस्सा, वर लाल तरी, मूठभर सेव, कांद्याची पात, पाव. पुण्याची मंडळी तिला मिसळीची गरीब चुलत बहीण म्हणतात आणि मग दोन प्लेट खातात. घरी सगळे उठले होते. लेकीने विचारलं, ‘आई, आज तू बेरोजगार आहेस का?’ नवरा म्हणाला, ‘आजच्या दिवस.’ दोघंही हसले. मीही हसले, पण तो शब्द दुपारपर्यंत कानात राहिला. खरंच, त्या दिवशी मला कोणी सहज विचारलं असतं की काय करता, तर काय सांगितलं असतं?

नाश्त्यानंतर उद्याची फाइल लावली. राजीनाम्याची प्रत, कार्यमुक्तीचं पत्र, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, रद्द केलेला चेक, पीएफचा तो बारा आकडी क्रमांक. हा क्रमांक बरा. २०१४ पासून नोकरी बदलली तरी तोच आपल्याबरोबर येतो. नाहीतर जुन्या नोकरीतला पीएफ काढायला लोक किती खेटे घालायचे ते मी पाहिलं आहे. कागद लावता लावता शब्दांकडे लक्ष जाऊ लागलं. हा माझा जुना रोग आहे. राजीनामा म्हणजे मुळात राजीखुशीचा कागद. देताना देणारा राजी असतो की घेणारा, हे मला अजून उमगलेलं नाही. पगार पोर्तुगिजांकडून आला. आणि उद्या मी ‘रुजू’ होणार. लहानपणी मला वाटायचं, रुजू म्हणजे बी रुजतं तसं काहीतरी. कुंडीत माणूस लावायचा आणि पाणी घालायचं. तसं काही नाही. तो शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि मूळ अर्थ परतणं, पुन्हा वळणं असा. जिथे आपण कधी गेलोच नाही तिथे परतायचं कसं, ते कचेरीच्या भाषेलाच ठाऊक.

आकड्यांच्या धंद्यातही भाषेची अशीच गंमत आहे. माझं शिक्षण गुजराती माध्यमात झालं, त्यामुळे खात्याच्या दोन बाजू मला ‘जमा’ आणि ‘उधार’ अशाच पाठ. घरी मराठीत ‘नावे’ म्हणायचे. आणि आईच्या तोंडी उधार म्हणजे वाण्याकडून महिन्याच्या बोलीवर आणलेला गूळ. अकरावीत पहिल्यांदा खतावणी शिकताना मला वाटलं होतं की या सगळ्या व्यापाऱ्यांनी वाण्याचे पैसे बुडवलेले दिसतात.

दुपारी माहेरी, दांडिया बाजारला, आमरसाला. आईने केसर आंब्यांचा रस काढून ठेवला होता. मला बघताच पहिला प्रश्न:

‘उद्या काय नेसणार?’

‘ड्रेस घालणार गं. बसने जायचंय.’

‘पहिल्या दिवशी तरी साडी नेसावी. आणि हातावर दही कोण घालणार तुझ्या? जावईबापूंना सुचायचं नाही. मी येऊ का सकाळी?’

‘आई, बस सात पस्तीसला आहे.’

‘मग? मी पाचला उठते.’

जेवण झालं. आई लवंडली. मला झोप येणं शक्य नव्हतं, तर माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून आजोबांच्या वह्या काढल्या. खरं तर मी त्या आधीही चाळल्या होत्या, पण गंमत म्हणून. या वेळी मला एक तारीख शोधायची होती.

आजोबा कोठीत कारकून होते. कोठी म्हणजे तेव्हाची संस्थानची कचेरी, पुढे तीच कलेक्टर कचेरी झाली. १९४५ मध्ये लागले ते गायकवाड सरकारच्या नोकरीत. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि आजोबा मुंबई सरकारचे नोकर झाले, म्हणजे बाळासाहेब खेरांचे. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि आजोबा गुजरात सरकारचे झाले. गुजरातचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता, आणि विलीनीकरणाच्या आधी बडोदा राज्याचा कारभार पाहिलेले तेही तेच. आजोबा हे फार अभिमानाने सांगायचे, जणू ते दोघे एकाच खात्यात होते. तीन सरकारं झाली, इमारत तीच राहिली. टेबलही तेच असं बाबा सांगायचे. एक पाय आखूड, त्याखाली कागदाची घडी. बाबा लहानपणी डबा पोहोचवायला जायचे तेव्हा त्यांनी पाहिलेलं, की जुने कागद संपेपर्यंत वरचं ‘मुंबई’ रेघ मारून खोडायचं आणि शेजारी हाताने ‘गुजरात’ लिहायचं. काटकसरीने चाललेलं राज्यांतर.

मला हे सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की तो वार कुठला होता. शनिवारी रात्री सहज फोनवर जुनं कॅलेंडर काढलं होतं. १ मे १९४९, रविवार. मग १ मे १९६० बघितलं. तोही रविवार. दोन्ही वेळा आजोबांचा मालक सुट्टीच्या दिवशी बदलला. शनिवारी एका सरकारची कचेरी बंद करून घरी आले, सोमवारी दुसऱ्या सरकारच्या कचेरीत जाऊन बसले. मधला रविवार त्यांचा. मला बघायचं होतं, त्यांनी तो कसा काढला.

वह्या घरखर्चाच्या. शब्द मराठी, आकडे गुजराती. पानाच्या मधोमध उभी रेघ, तीही पट्टीने मारलेली. १९४९ ची वही वाळवीने एका कोपऱ्यात खाल्लेली, पण मे शाबूत होता. वैशाख नुकताच लागला होता आणि वहीत आंबे दिसायला लागले होते.

‘१ मे, रवि. न्हावी ४ आणे. आंबे १ डझन’, पुढचा आकडा ओघळलेला. ‘साबण. छत्री दुरुस्ती.’

बस. त्या पानावर महाराज नाहीत, मुंबई नाही, आणि आदल्या दिवशी कोठीवर काय झालं त्याचा शब्दही नाही. मे महिन्यात छत्री दुरुस्त करणारा माणूस होता तो. पाऊस दीड महिन्यावर असताना. दुसऱ्या दिवशी, सोमवार २ मे: ‘दूध. कचेरीत पेढे, वर्गणी ८ आणे.’ पेढे कशाचे? नवं सरकार आलं म्हणून वाटले की कोणाला मुलगा झाला? आणि आठ आणे वर्गणी, म्हणजे न्हाव्याच्या दुप्पट, आजोबांनी खुशीने दिली की चरफडत? वही पुढे काही सांगत नाही.

मग १९६० ची काढली. आता आणे जाऊन नवे पैसे आले होते. ‘१ मे, रवि. न्हावी.’ पुन्हा न्हावी! माझ्या अंगावर काटा आला. दोन्ही वेळा राज्य बदलताना आजोबा केस कापून, नीटनेटके होऊन सोमवारी गेले, असं मनात तयारही झालं. हे लिहायचंच, असं ठरवलं. मग माझ्यातली अकाउंटंट जागी झाली आणि मागची-पुढची पानं उलटली. १७ एप्रिल, रविवार, न्हावी. १५ मे, रविवार, न्हावी. १९४९ मध्येही तसंच, एक सोडून एक रविवार, वर्षभर. दोन्ही वेळा पाळी त्याच रविवारी आली होती, एवढंच. टोटल जुळली की लगेच खूश व्हायचं नसतं, हे मी चौदा वर्षं ज्युनिअर मुलांना शिकवलं आणि स्वतः फसले.

आई उठली तेव्हा मी जमिनीवर वह्या पसरून बसले होते. तिला सांगितलं. ती सून म्हणून या घरात आली १९७२ ला, त्यामुळे दोन्ही रविवार तिच्या आधीचे.

‘मामंजींना कसली आलीय काळजी,’ ती म्हणाली. ‘सरकार गेलं म्हणून पगार थोडाच जातो?’

‘पण त्यांना कोणी विचारलं का, आई? मी तीन महिने विचार केला. कॅल्क्युलेटर घेऊन बसले, पगार, बसभाडं, पोरीची शाळा. त्यांना दोनदा उचलून दुसऱ्याच्या हातात दिलं.’

आईने वहीचं पान बंद केलं. ‘विचारलं नाही म्हणूनच झोपले असतील निवांत.’

मला ते पटलं नाही, आणि अजूनही पटलेलं नाही. १९६० ला आमचे दोन नातेवाईक मुंबई-पुण्याकडे निघून गेले. गुजरातेत मराठी माणसाचं काय होणार, ही चर्चा या घरातही झाली असणार. आजोबा राहिले. त्यांनी काही ठरवून राहायचं ठरवलं, की आखूड पायाच्या टेबलाला सवय झाली होती म्हणून राहिले, ते मला विचारायला हवं होतं. ते होते तेव्हा मी त्यांना फक्त पेन्सिलीला टोक करून द्यायला सांगायचे. टोक मात्र फार सुरेख करायचे, ब्लेडने, लांब. एप्रिल ते मे अशा दोन पानांच्या मध्ये मला त्या पेन्सिलीच्या साली सापडतील असं उगीच वाटत होतं. सापडली ती एक सुकलेली मुंगी.

निघताना आईने वहीबद्दल काही म्हटलं नाही, पण स्टीलच्या डब्यात रस भरून दिला आणि वर एक विरजणाची छोटी वाटी, झाकण लावून. ‘मी नाही येत मग. हे रात्री लाव. सकाळी जावईबापूंना सांग, हातावर घालायला.’

घरी पोहोचेस्तोवर पाच वाजले. रविवारची संध्याकाळ ही मला शाळेपासून आवडत नाही. तिच्यात सोमवार आधीच घुसून बसलेला असतो. लेकीचा युनिफॉर्म इस्त्री केला, त्याच हाताने माझा ड्रेस. साडी काढून पलंगावर ठेवली, बघितली, परत कपाटात ठेवली. डब्यात काय न्यायचं यावर घरात चर्चा झाली. पहिल्या दिवशी बटाट्याची भाजी न्यावी, कारण ती कोणाबरोबरही वाटून खाता येते, असं नवऱ्याचं म्हणणं. या माणसाने आयुष्यात एकच नोकरी केली आहे, पण सल्ले उत्तम देतो.

जुन्या ऑफिसच्या ग्रुपमधून मला शुक्रवारीच काढलं होतं. नव्या ऑफिसचा ग्रुप अजून झाला नव्हता. फोन इतका गप्प कधी राहिला होता आठवत नाही. सात-आठ वेळा मीच उचलून बघितला.

साडेसातला ऊन उतरल्यावर सहज म्हणून अमितनगर सर्कलपर्यंत चालत गेले. बस तिथून धरायची होती. घरापासून किती मिनिटं लागतात ते मोजायचं होतं: अकरा, सिग्नल धरून. सर्कलवर ही गर्दी. अहमदाबादला जाणाऱ्या गाड्या, रिक्षा, भज्यांच्या लाऱ्या. नेमकं उभं कुठे राहायचं ते कळेना. कोपऱ्यावर पानाचा गल्ला होता. तिथल्या काकांना विचारलं, मंजुसरच्या कंपनीची बस इथेच येते ना?

चुना लावलेलं पान त्यांच्या हातात तसंच राहिलं. त्यांनी मान वर करून मला एकदा नीट पाहिलं.

‘नवां छो?’

‘हा.’

‘सात ने पांत्रीसे आवे,’ ते म्हणाले. ‘पण ऊभी नथी रहेती हों, बेन. पांच मिनिट वहेलां आवजो.’